परक्या शब्दाला लागलेला आवाज

परकीय भाषा शिकणाऱ्या बहुतेकांच्या वहीत तीन रकाने आखलेले असतात. पहिल्या रकान्यात परभाषेतील शब्द, दुसऱ्यात देवनागरीत लिहिलेला त्याचा उच्चार आणि तिसऱ्यात मराठी अर्थ. मीही अशा कितीतरी वह्या भरल्या आहेत. चौथा रकाना मात्र सहसा कोणी आखत नाही. हा शब्द आपण पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकला आणि त्या वेळी तो आवाज कसा होता, प्रेमळ, कंटाळलेला, चिडलेला की घाईतला, याची नोंद करावी असे आपल्या मनातही येत नाही. कारण आवाज हा बोलणाऱ्याचा असतो, शब्दाचा नसतो, असे आपण गृहीत धरलेले असते. या लेखात मला या गृहीतकाविषयीच शंका घ्यावयाची आहे.

स्वभाषेपुरते बोलायचे तर हे गृहीतक आपण स्वतःच रोज खोटे पाडत असतो. ‘शहाणा’ या शब्दाचा कोशातील अर्थ सुज्ञ, समंजस असा आहे. परंतु ‘शहाणाच आहेस’ हे वाक्य मराठी माणूस ज्या सुरात उच्चारतो, त्या सुरात ऐकणाऱ्याला आपले कौतुक झाल्याचा भ्रम कधीच होत नाही. ‘बरं’ या एका शब्दात संमती, नाराजी, धमकी, समजूत, संभाषण आवरते घेण्याची घाई आणि ‘पुढे काय झाले ते सांग’ ही उत्सुकता, एवढे सगळे मावते. आवाजाच्या या छटांना नावे देण्यातही मराठी कंजूष नाही. दटावणे, खडसावणे, सुनावणे, पुटपुटणे, कुरकुरणे, विनवणे, चुचकारणे, खेकसणे ही सगळी क्रियापदे प्रामुख्याने ‘काय’ बोलले ते सांगत नाहीत, ‘कसे’ बोलले ते सांगतात. एवढी समृद्ध जाण असलेला भाषक परभाषेच्या दारात पाऊल ठेवताच आवाज बाहेर काढून ठेवतो आणि केवळ शब्द घेऊन आत जातो, ही मोठी विचित्र गोष्ट आहे.

आपल्या परंपरेत या विषयाला स्वतंत्र संज्ञा आहे: काकू. (नात्यातल्या काकूंशी तिचा संबंध नाही, हे वर्गात दरवर्षी सांगावे लागते.) बोलणाऱ्याच्या आवाजातील विकारामुळे वाक्याच्या अर्थात जो बदल होतो त्याचा विचार या संज्ञेखाली केला जातो. भरताच्या नाट्यशास्त्रात पाठ्याच्या गुणांची चर्चा करताना सात स्वर, तीन स्थाने, चार वर्ण, दोन प्रकारची काकू, सहा अलंकार आणि सहा अंगे अशी मांडणी आढळते. उर, कंठ आणि शिर ही ती तीन स्थाने होत. अलंकारांत उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित यांचा समावेश होतो. आधुनिक ध्वनिविज्ञान हेच आवाजाची मूळ कंप्रता, तीव्रता, वेग आणि कालावधी या परिमाणांत मोजते. क्रोधात आवाज साधारणपणे चढतो आणि वेग वाढतो, दुःखात आवाज उतरतो आणि शब्द लांबतात. हे नटाला शिकवताना भरताला जे नोंदवावे लागले ते आज संगणकाच्या पडद्यावर आलेखाच्या रूपात दिसते. पुढे काव्यशास्त्राने काकूला वक्रोक्तीच्या चर्चेतही स्थान दिले. म्हणजे आवाज हा अर्थाचा घटक आहे हे आपल्याकडे फार पूर्वीच मान्य झालेले होते.

याच संदर्भात रोमान याकोबसन यांनी सांगितलेली एक हकीकत भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना माहीत असते. 1960 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भाषाविज्ञान आणि काव्यशास्त्र’ या विषयावरील निबंधात ती येते. स्तानिस्लाव्हस्की यांच्या मॉस्कोतील नाट्यसंस्थेतील एका नटाची निवड करताना त्याला ‘आज संध्याकाळी’ या अर्थाचे दोन रशियन शब्द चाळीस निरनिराळ्या भावांत म्हणून दाखवायला सांगण्यात आले होते. पुढे संशोधनासाठी त्याने असे सुमारे पन्नास प्रसंग कल्पून तेच शब्द ध्वनिमुद्रित केले, आणि मॉस्कोच्या श्रोत्यांनी त्यांतील बहुतेक बरोबर ओळखले. एरवी ही हकीकत नटाच्या कौशल्याचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला मात्र ती श्रोत्यांविषयीची वाटते. ते मॉस्कोचे होते म्हणून त्यांना ओळखता आले. तेच ध्वनिमुद्रण रशियन नुकतीच शिकू लागलेल्या माणसाला ऐकवले असते तर त्याच्या हाती ‘आज’ आणि ‘संध्याकाळी’ एवढेच लागले असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. परभाषेतील नवा शब्द भावपूर्ण आवाजात ऐकला तर तो अधिक लक्षात राहतो काय? सर्वसाधारण समजूत अशी की राहतो. भावनेमुळे स्मृती ठळक होते हे खरे आहे. अपघाताचा किंवा आनंदाचा दिवस आपल्याला वर्षानुवर्षे आठवतो. पण तेथे घटनाच भावनिक असते. ‘टेबल’ किंवा ‘खिडकी’ यांसारखा भावदृष्ट्या तटस्थ शब्द केवळ आर्त किंवा आनंदी सुरात म्हटला, तर काय होते? अ‍ॅनेट शिर्मर यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला या बाबतीत फार बोलका वाटतो. हा प्रयोग परभाषेचा नव्हता, श्रोत्यांना परिचित असलेल्या शब्दांचा होता, हे आधीच सांगून ठेवतो. त्यात काही शब्द तटस्थ आवाजात आणि काही भावपूर्ण आवाजात ऐकवले गेले. नंतर तेच शब्द लिखित स्वरूपात दाखवून, हे आधी ऐकले होते काय, असे विचारले गेले. ओळखण्याच्या बाबतीत दोन्ही प्रकारच्या शब्दांत फरक पडला नाही. फरक पडला तो दुसरीकडेच. दुःखी आवाजात ऐकलेले शब्द श्रोत्यांना नंतर अधिक नकारात्मक वाटू लागले आणि आनंदी आवाजात ऐकलेले अधिक सकारात्मक. विशेष म्हणजे, तो शब्द कोणत्या आवाजात ऐकला होता हे त्यांना आठवते की नाही, याच्याशी या बदलाचा संबंध नव्हता. आवाज विसरला गेला तरी त्याचा रंग शब्दावर उरला.

‘भावपूर्ण आवाजामुळे शब्द पाठ होतात’ या सोप्या विधानापेक्षा हा निष्कर्ष अधिक गंभीर आहे असे माझे मत आहे. शब्द लक्षात राहणे आणि शब्द आपलासा वाटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शब्दसंग्रहाच्या चाचण्या पहिली गोष्ट मोजतात. दुसरी मोजली जात नाही, परंतु तो शब्द आपण पुढे वापरणार की टाळणार, हे बरेचसे तीच ठरवते.

येथे एक वैयक्तिक उदाहरण देणे भाग आहे. माझ्या शाळेत इंग्रजी शिकवणारे एक गुरुजी होते. माणूस विद्वान, पण आवाज नेहमी चढलेला. वहीत चूक सापडली की ते वही बाकावर आपटत आणि ‘केअरलेस!’ असे गरजत. हा शब्द मी आजतागायत विसरलेलो नाही, तेव्हा गुरुजींची पद्धत यशस्वी ठरली असे कोणी म्हणेल. परंतु पुढे पदवीच्या वर्गात एका इंग्रजी कादंबरीत नायिकेच्या डौलाला हेच विशेषण लावलेले आढळले आणि मी अडखळलो. तेथे अर्थ होता सहज, आयासरहित. शब्दकोशाने तो मला सांगितला, मी तो समासात लिहूनही ठेवला, पण मन तो स्वीकारीना. माझ्या लेखी त्या शब्दात बाकावर आपटलेली वही होती. गुरुजींनी मला शब्द दिला आणि त्याच्या अर्थाची अर्धी वाट बंद करून दिला.

भीतीने शिकवलेले पक्के बसते, हा आपल्या समाजातील जुना समज आहे आणि त्याला उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. मानसशास्त्रज्ञ येर्क्स आणि डॉडसन यांनी 1908 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले होते की सोपे काम शिकताना तीव्र उत्तेजना चालते, परंतु काम अवघड असेल तर मध्यम उत्तेजनाच हितकारक ठरते. उंदरांवरून माणसांकडे उडी मारताना सावध राहिले पाहिजे हे खरेच; तरीही पुढील अभ्यासांतून साधारण याच दिशेचे चित्र दिसते. उत्तेजना वाढली की अवधान आक्रसते. जे केंद्रस्थानी असते ते लख्ख आठवते आणि कडेचे पुसले जाते. आता वर्गात शिक्षक ओरडत असताना विद्यार्थ्याच्या अवधानाच्या केंद्रस्थानी काय असते? शब्द की शिक्षकांचा चेहरा? आपल्यापैकी अनेकांना शाळेत कधी, कोणासमोर बोलणी खाल्ली ते तपशीलवार आठवते. कोणत्या शब्दावरून खाल्ली ते आठवत नाही. 1986 मध्ये हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परभाषेच्या वर्गातील चिंता मोजण्यासाठी तेहेतीस विधानांची एक मापनश्रेणी तयार केली, तेव्हापासून या चिंतेचा स्वतंत्र अभ्यास सुरू आहे. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना त्या श्रेणीची ओळख करून देण्याची गरज मला वाटत नाही. शाळा मधेच सुटलेल्या प्रौढ विद्यार्थ्याला ‘कोणत्या विषयामुळे?’ असे विचारा. इंग्रजीचे नाव किती वेळा येते ते ऐका.

मग आवाज सपाट ठेवावा काय? अनेक ध्वनिफितींनी तोच मार्ग निवडला. भाषाशिक्षणासाठी ध्वनिमुद्रणाचा उपयोग विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच होत आलेला आहे. लिंग्वाफोनसारखी संस्था 1901 पासूनची. त्या परंपरेतील निवेदकाचा आवाज स्वच्छ, स्पष्ट आणि निर्विकार असतो. मी पुण्यात जर्मन शिकलो तो अशाच फितींवर. ‘एंटशुल्डिगुंग’, म्हणजे ‘माफ करा’, हा शब्द मी शंभरदा ऐकला आणि शंभरदा म्हटला. पुढे एका जर्मन पाहुण्यांना माझा धक्का लागला तेव्हा मी तो अचूक उच्चारलाही. त्या गृहस्थांनी माझ्याकडे चमकून पाहिले. नंतर माझ्या लक्षात आले की, एस. टी. स्थानकावर गाडी फलाटाला लागल्याची घोषणा ज्या सुरात होते त्या सुरात मी क्षमा मागितली होती. उच्चाराला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते, पण क्षमा मागितली गेली नव्हती. ‘बिट्टं’ या जर्मन शब्दाची गत अशीच आहे. ‘कृपया’, ‘हे घ्या’, ‘आभार कसले’, ‘काय म्हणालात?’ हे सगळे अर्थ त्या दोन अक्षरांत आहेत आणि त्यांची निवड प्रसंग आणि सूर मिळून करतात. असा शब्द सपाट आवाजात शिकवणे म्हणजे कुलूप देऊन किल्ली स्वतःकडे ठेवणे होय.

सपाट आवाजाची दुसरीही एक अडचण आहे. श्राव्य स्मृतीवरील 1994 च्या एका अभ्यासात चर्च आणि शॅक्टर यांना असे दिसून आले की, शब्द आधी ज्या सुरावटीत ऐकला होता ती बदलून तोच शब्द पुन्हा ऐकवला, तर आधी ऐकल्याचा जो अबोध फायदा मिळायला हवा तो घटतो. आवाज तोच, माणूस तोच, शब्द तोच. केवळ सूर बदललेला. शब्द मनात साठतो तो आवाजाच्या कवचासह. ज्याने एकच कवच ऐकले आहे त्याला रस्त्यावर दुसऱ्या कवचात आलेला शब्द ओळखायला वेळ लागतो. ‘पुस्तकातले इंग्रजी कळते, पण समोरचा बोलला की काही कळत नाही’ ही विद्यार्थ्यांची तक्रार याच जातीची आहे, आणि तिचे खापर ते विनाकारण स्वतःच्या बुद्धीवर फोडतात.

यावर उपाय म्हणून मला सर्वांत विश्वासार्ह वाटते ते बारक्रॉफ्ट आणि सॉमर्स यांचे काम. त्यांनी 2005 मध्ये स्पॅनिश न येणाऱ्या इंग्रजी भाषकांना स्पॅनिश शब्द शिकवले. प्रत्येक शब्द किती वेळा ऐकवायचा ते ठरलेले होते. बदल होता तो आवाजात. काही शब्द एकाच व्यक्तीच्या आवाजात पुन्हा पुन्हा ऐकवले, काही अनेक व्यक्तींच्या आवाजात. दुसऱ्या एका प्रयोगात व्यक्ती एकच ठेवली, पण तिने शब्द साधेपणाने, कुजबुजत, उत्साहाने, लहान मुलासारखे असे निरनिराळ्या धाटणींत उच्चारले. आवाजातील वैविध्य वाढले तसे शब्द अधिक अचूक आणि अधिक लवकर आठवले. मात्र 2007 च्या त्यांच्या पुढील अभ्यासातील भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आवाज नुसता लहान-मोठा केल्याने काहीही लाभ झाला नाही. माझे शाळेतील गुरुजी आज हयात असते तर हे वाक्य मी त्यांना वाचून दाखवले असते की नाही, सांगता येत नाही. धीर झाला नसता.

या कामात आणखी एक बारकावा आहे. इंग्रजी भाषकांना केवळ कंप्रता, म्हणजे स्वराची उंची, बदलूनही फायदा झाला नव्हता. परंतु ज्यांची मातृभाषा सुराधिष्ठित आहे अशा मेक्सिकोतील झापोतेक भाषकांवर पुढे तोच प्रयोग केला, तेव्हा त्यांना तो झाला. म्हणजे आवाजातील कोणता बदल आपल्या उपयोगी पडेल हे आपला कान आधी कोणत्या भाषेत घडला आहे त्यावर अवलंबून असते. मराठी ही चिनी किंवा पंजाबी यांच्यासारखी सुराधिष्ठित भाषा नाही. चिनीमध्ये ‘मा’ हे अक्षर चढत्या-उतरत्या सुरांनुसार आई, ताग, घोडा आणि रागे भरणे असे वेगवेगळे अर्थ देते. आपल्यापैकी कोणी चिनी शिकू लागले तर त्याची कोंडी दुहेरी असते. सूर वर गेला तो अर्थासाठी की आश्चर्यासाठी, हे त्याला प्रारंभी उमगत नाही. अशा वेळी पहिल्या काही दिवसांत शब्द शांत, तटस्थ आवाजातच ऐकणे श्रेयस्कर होय. भावपूर्ण आवाजाचा पुरस्कार करताना एवढा अपवाद मी मोकळेपणाने मान्य करतो.

अतिरेकाचा धोकाही आहे. बल्गेरियाचे गेओर्गी लोझानॉव्ह यांनी विकसित केलेल्या ‘सजेस्टोपीडिया’ या पद्धतीत शब्दसूची कधी साध्या, कधी कुजबुजत्या तर कधी अधिकारवाणीच्या सुरात वाचण्याचा प्रघात होता, जोडीला संगीत असे. त्यामागील निरीक्षण चुकीचे नव्हते. पण तिच्या नावाने जे चमत्कार सांगितले गेले ते पुढे टिकले नाहीत. अलीकडे मोबाइलवरील काही शिकवण्यांत प्रत्येक शब्द गगनभेदी उत्साहाने म्हटला जातो. सगळेच शब्द उत्साहाचे झाले की उत्साहही सपाट होतो.

भावाचा सूर कळणे हा अलंकार नसून गरज आहे, याचे सर्वांत लख्ख उदाहरण जॉन गम्पर्झ यांनी नोंदवले आहे. (सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कन्नड आणि उर्दू यांच्या संपर्काचा रॉबर्ट विल्सन यांच्यासह 1971 मध्ये अभ्यास मांडणारे हेच ते गम्पर्झ.) ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळाच्या उपाहारगृहात नव्याने कामाला लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया उर्मट असल्याची तक्रार होती. त्या फारशा बोलतही नसत. मांसाचा पदार्थ घेणाऱ्याला ‘ग्रेव्ही’ हवी का, एवढेच विचारायचे असे. ब्रिटिश स्त्रिया हा शब्द चढत्या सुरात म्हणत, तर या स्त्रिया उतरत्या सुरात. चढता सूर ‘देऊ का?’ असे विचारतो. उतरता सूर इंग्रजी कानाला ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या’ असा लागतो. त्या स्त्रियांच्या दृष्टीने उतरता सूर ही विचारण्याची साधी रीत होती. दोन्ही बाजूंना एकमेकींचा राग येत होता आणि कोणाचीही चूक नव्हती. ध्वनिमुद्रणे ऐकवून ही गोष्ट उलगडून दाखवली गेली तेव्हा वातावरण निवळू लागले. शब्द एकच, अर्थही माहीत, उच्चारही बरोबर. आणि तरीही नोकरीच्या ठिकाणी रोजचा अपमान. आपल्यापैकी जे विद्यार्थी परदेशी ग्राहकांशी दूरध्वनीवर बोलण्याच्या नोकऱ्या करतात, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

भावाचे सूर तर सगळ्या जगात सारखेच असतात, मग ते वेगळे कशाला शिकायचे, असा आक्षेप येथे येतो. तो निम्मा खरा आहे. अ‍ॅन फर्नाल्ड यांनी 1993 मध्ये पाच महिन्यांच्या, इंग्रजीभाषक घरांतील बाळांना वेगवेगळ्या भाषांतील शाबासकीचे आणि मनाईचे बोल ऐकवले. जर्मन आणि इटालियन या अनोळखी भाषांतही बाळांचे चेहरे त्या त्या भावानुसार बदलले. जपानी बोलांच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. जपानी ही ‘सोऽ देसु का’ सारख्या एकाच वाक्याचा सूर खाली आणला तर ‘असं होय’ आणि वर नेला तर ‘खरंच का?’ असा अर्थ देणारी भाषा. तिचे भावसूर आपल्या अंदाजाने ओळखू पाहिले तर फसगत होण्याची शक्यता पुष्कळ. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांना हे अनुभवाने ठाऊक असते.

प्रौढ विद्यार्थ्याची अडचण आणखी एका ठिकाणी आहे. कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या व्यक्तींच्या त्वचेची विद्युत-प्रतिक्रिया मोजली. लहानपणी ऐकलेली रागावण्याची वाक्ये तुर्कीत ऐकताच त्यांचे शरीर स्पष्ट प्रतिसाद देई. त्याच अर्थाच्या इंग्रजी वाक्यांना तो क्षीण असे. कारण उघड आहे. ती तुर्की वाक्ये त्यांना कोणीतरी, कोणत्यातरी दिवशी, खऱ्या रागाने ऐकवलेली होती. आपल्या आजीने ‘कार्ट्या’ म्हटले तर त्यातली माया आपल्याला कोशात शोधावी लागत नाही. परभाषेचे शब्द वयाच्या तिसाव्या-चाळिसाव्या वर्षी छापील पानावरून शिकणाऱ्याला अशी आजी कोठून मिळणार? दूरशिक्षणात तर आवाजच कमी. पुस्तिका बोलत नाही. ही आपल्या पद्धतीची उणीव आहे आणि ती मान्य केली पाहिजे. विद्यापीठांनी ध्वनिसाहित्य तयार करताना एकाच गोड निवेदिकेच्या आवाजावर समाधान मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात पुरुष-स्त्रिया, वृद्ध-तरुण, खुशीतले, वैतागलेले, दमलेले असे आवाज हवेत, आणि तोच शब्द त्यांतून पुन्हा पुन्हा यायला हवा. यासाठी निष्णात नटांची आवश्यकता नाही.

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रावर पस्तिशीच्या एक बाई येत. अंगणवाडीत काम करीत आणि इंग्रजीच्या पेपरात दोनदा अनुत्तीर्ण झालेल्या होत्या. लेखी शब्द त्यांना चांगले येत. ‘सर, हे शब्द मला माहीत आहेत, पण कोणी बोललं की पोटात गोळा येतो,’ असे त्या म्हणाल्या. शाळेत इंग्रजीच्या तासाला काय झाले होते ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. मी त्यांना एवढेच सुचवले की, तुमच्या ओळखीतल्या, तुम्हाला ज्यांची भीती वाटत नाही अशा दोन-तीन माणसांकडून आठवड्याचे शब्द मोबाइलवर म्हणवून घ्या; प्रत्येक शब्द निरनिराळ्या भावात, नुसता शब्द नको, छोट्या वाक्यात. आणि मग तोच शब्द तुम्ही स्वतः त्या भावात म्हणा. घरात त्यांची सातवीतली मुलगी होती, तिचे इंग्रजी बरे होते.

महिन्याने त्यांनी मला एक ध्वनिमुद्रण ऐकवले. मागे कुकरची शिट्टी, धाकट्याचे रडणे. मुलगी ‘इमिजिएटली’ हा शब्द आधी विनवणीच्या सुरात म्हणत होती, मग हसत, मग पोलीस ठाण्यातल्या साहेबासारखी. शेवटच्या खेपेला तिने, आई आपल्याला जेवायला हाका मारते त्या सुरात, ‘कम इमिजिएटली, भात निवतोय’ असे म्हटले, आणि तेथून पुढे ध्वनिमुद्रणात दोघींच्या हसण्याव्यतिरिक्त काही ऐकू येत नव्हते.